कोपऱ्यावरच्या घराची तुळई

कुंभकोणात महामहम तळ्याच्या उत्तरेला एक अरुंद गल्ली आहे. त्या गल्लीत सुंदरीबाईंची चार घरं ओळीनं उभी होती आणि चारही भाड्यानं दिलेली होती. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला, सकाळचं जेवण आटोपलं की त्या पदर सावरून निघत आणि चारही दारांशी जाऊन भाडं घेऊन येत. कुणाला पाठवत नसत. स्वतः गेलं की भिंतीला ओल आली आहे का, कौलं सरकली आहेत का, हेही दिसतं, असं त्यांचं म्हणणं.

त्यांचे सासरे तंजावरच्या राजवाड्यात कारकून होते. राज्य खालसा झालं तेव्हा कंपनी सरकारनं त्यांना बारा रुपयांची पेन्शन बांधून दिली. सासरे गेले आणि त्यांच्याबरोबर पेन्शनही गेली. नवरा, मुकुंदराव, एका कापडदुकानात हिशेब लिहून महिना आठ रुपये आणत आणि संध्याकाळी विठ्ठलाच्या मठात भजनाला बसत. भला माणूस; पण घर कसं चालतं हे त्यांना कधी विचारावंसं वाटलं नाही. ते सुंदरीबाईंनी पाहिलं. आईकडून आलेला सोन्याचा कंबरपट्टा त्यांनी विकला. शेत घ्यावं तर कावेरीला पूर आला तरी पंचाईत, नाही आला तरी पंचाईत. व्याजानं द्यावं तर पुढं कोर्टाच्या पायऱ्या. घराचं तसं नसतं. पाऊस पडो न पडो, माणसाला निजायला छप्पर लागतंच. त्यांनी आधी दोन घरं घेतली, त्यांच्या भाड्यातून मागं टाकून तिसरं आणि अकरा वर्षांनी चौथं.

चौथं घर कोपऱ्यावरचं. पुढं रुंद ओटा, मागं स्वतःची विहीर, आणि दारात उभं राहिलं की थेट तळ्याच्या पायऱ्या दिसायच्या. तिथं रामलिंग नावाचा पितळेच्या समया ओतणारा कारागीर सात वर्षं राहत होता. बायको कामाक्षी, दोन लहान मुली. परसात त्याची भट्टी होती. भाडं चार रुपये. सात वर्षांत एकदाही ते चुकलं नव्हतं. सुंदरीबाई दारात पोचायच्या आधी कामाक्षी पैसे हातात घेऊन उभी असायची.

१९०९ सालच्या माघात महामहम यायचा होता. बारा वर्षांनी येणारं पर्व. लाखो माणसं त्या एका तळ्यात स्नानाला येतात. रामलिंग दोन वर्षांपासून त्याची तयारी करत होता. व्यापाऱ्याकडून पितळ उधारीवर आणून तो समया ओतत होता. वीतभर उंचीच्या, हातभर उंचीच्या, आणि दोन तर पुरुषभर उंचीच्या. घरात पाय ठेवायला जागा उरली नव्हती. मुली समयांच्या रांगांमध्ये निजायच्या.

"अम्मा, हे सगळं या ओट्यावर मांडणार," मार्गशीर्षात भाडं घ्यायला आलेल्या सुंदरीबाईंना तो तमिळमध्ये म्हणाला होता. भाडेकरूंशी त्यांचं बोलणं तमिळमध्येच होई; मराठी घरापुरती. "स्नान करून वर आलेला माणूस पहिलं आपलं दार पाहील. दहा दिवसांत सगळं जाईल. व्यापाऱ्याचं देणं फिटेल आणि पुढचं पितळ मी रोखीनं घेईन. मग मी कुणाचा बांधलेला नाही."

सुंदरीबाईंना ते ऐकून बरंच वाटलं होतं. भाडेकरूचं चांगलं चाललं की भाडं बुडत नाही.

पौषात नटराज पिळ्ळै त्यांच्याकडे आले. दक्षिणेकडच्या एका जमीनदाराचे ते कारभारी. जमीनदारीणबाई महामहमाला येणार होत्या, त्यांना तळ्यापासून चार पावलांवर, स्वतःची विहीर असलेलं घर हवं होतं. पिळ्ळै गल्ली पाहूनच आले होते.

"कोपऱ्यावरचं घर बारा दिवसांसाठी. दीडशे रुपये," ते म्हणाले. "पन्नास आत्ता, शंभर आल्यावर. पण घर पंधरा दिवस आधी रिकामं हवं. रंग द्यायचा, पडदे लावायचे आहेत."

दीडशे रुपये म्हणजे त्या घराचं तीन वर्षांचं भाडं. सुंदरीबाईंनी विचार करून सांगते म्हटलं, पण विचार असा फारसा झालाच नाही. पलीकडच्या गवळ्यांच्या आळीत एक घर विकायला निघालं होतं. दीडशेचा विसार देऊन ते अडवता आलं असतं, बाकीची रक्कम वर्षभरात. पाचवं घर. मुकुंदरावांची दृष्टी अलीकडे मंद होत चालली होती. हिशेब लिहिणं आणखी किती वर्षं चालणार होतं?

विचार झाला तो इतकाच, की रामलिंगला काय सांगायचं. खरं सांगितलं असतं तर तो म्हणाला असता, अम्मा, माझ्या दोन वर्षांच्या कामाचं काय? बाकीच्या भाडेकरूंच्या देखत तो रडला असता, पाया पडला असता. ते सुंदरीबाईंना नको होतं.

चौथ्या दिवशी, पहिली तारीख नसताना, त्या कोपऱ्यावरच्या घरी गेल्या. ओट्यावर न बसता आत गेल्या आणि माजघराच्या मोठ्या तुळईकडे पाहत उभ्या राहिल्या.

"रामलिंग, ही तुळई वाळवीनं पोखरली आहे."

त्यानं वर पाहिलं. "वाळवी? दिसत तर नाही अम्मा."

"आतून खाल्ली आहे. शेजारच्या घराचं काम करताना गवंड्यानं सांगितलं. ती बदलावी लागेल. महिना-दीड महिना लागेल. तोवर तुम्ही दुसरीकडे राहा."

"बदलूया," तो म्हणाला. "महामहम होऊन जाऊ दे. दुसऱ्याच दिवशी घर रिकामं करून देतो."

"आणि त्याआधी पडली तर?"

"इतकी वर्षं—"

"तुझ्या मुली याच तुळईखाली निजतात," सुंदरीबाई म्हणाल्या. "उद्या त्यांच्या अंगावर पडली तर ते पाप कुणाच्या माथी? मी नाही घेणार."

कामाक्षी चुलीपाशी होती. ती उठून बाहेर आली आणि दोन्ही मुलींना ओढून अंगणात घेऊन गेली. रामलिंगनं पुन्हा एकदा तुळईकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरं, अम्मा."

जवळच्या इन्नंबूर गावात कामाक्षीच्या भावाचं घर होतं. आठ दिवसांनी दोन बैलगाड्या भरल्या. एका गाडीत नुसत्या समया, भाताच्या पेंढ्यात गुंडाळलेल्या. सुंदरीबाई गाडीभाड्याला म्हणून दोन रुपये घेऊन गेल्या होत्या. रामलिंगनं ते घेतले नाहीत. कामाक्षी मात्र वाकून त्यांच्या पाया पडली आणि म्हणाली, "दुसरा कुणी मालक असता तर भाडं घेत राहिला असता. तुम्ही माझ्या पोरींचा जीव पाहिलात." सुंदरीबाईंनी तिच्या डोक्यावर हात ठेवला.

घरी मुकुंदरावांनी विचारलं, "रामलिंगास कां काढिलें?"

"तुळई खराब झाली आहे. दुरुस्ती करावी लागणार," त्या म्हणाल्या. दहा दिवसांनी त्याच घराला रेशमी पडदे लागलेले मुकुंदरावांनी मठात जाता-येता पाहिले असणार. त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

पर्वाच्या दिवशी सगळं कुंभकोण माणसांनी भरून वाहत होतं. आगगाड्यांतून, गाड्यांतून, पायी, माणसं येतच होती. सुंदरीबाई पहाटेच स्नान करून ओलेत्यानं गल्लीतून परतत होत्या. दोन्ही बाजूंना पितळेची दुकानं लागली होती. गावोगावचे व्यापारी लोकांचे ओटे भाड्यानं घेऊन बसले होते. कुणी बाई हातभर उंचीच्या समयीला सात रुपये देऊ करत होती आणि व्यापारी आणखी मागत होता. सात! रामलिंगनं तेवढ्या समयीचे चार येतील असं त्यांना सांगितलं होतं.

तेवढ्यात तो दिसला. डोक्यावर मोठी टोपली, टोपलीत समया, एक हात टोपलीला आणि दुसऱ्या हातानं गर्दी बाजूला सारत तो तळ्याकडे निघाला होता. इन्नंबूरहून चालत आला असणार. तळ्याच्या तोंडाशी एक शिपाई काठी आडवी धरून उभा होता; फिरत्या विक्रेत्यांना पुढं सोडत नव्हता. ज्यांच्याकडे ओटा होता तेच मांडून बसले होते. रामलिंगनं शिपायाशी काही बोलून पाहिलं. शिपायानं त्याला मागं लोटलं. टोपली कलंडली, एक समयी खाली पडली आणि कुणाच्या तरी पायाखाली तिची वरची तेलाची थाळी वाकली. तो वाकून ती उचलत असताना त्याची नजर कोपऱ्यावरच्या घराकडे गेली.

ओट्यावर जमीनदारीणबाईंच्या दासी रेशमी लुगडी वाळत घालत होत्या. उघड्या दारातून दिसणाऱ्या माजघरात, त्याच तुळईला, पितळी कड्यांचा झोपाळा टांगलेला होता. त्यावर दोन बायका बसून पान खात होत्या.

रामलिंग पाहत राहिला. मग त्याला सुंदरीबाई दिसल्या. सहा हातांवर त्या उभ्या होत्या, ओल्या लुगड्यात. लपायला जागा नव्हती. त्यांना वाटलं, आता हा ओरडेल. आणि त्यांना ते हवंही होतं. त्यानं टोपली सावरून एका हातानंच नमस्कार केला, जसा नेहमी करायचा तसा, आणि गर्दीत वळून गेला.

पाहुणे गेले. उरलेले शंभर रुपये आधीच हातात आले होते. गवळ्यांच्या आळीतल्या घराचा विसार सुंदरीबाईंनी दिला. घर विकणाऱ्याला शब्द दिला होता, मागं फिरता येत नव्हतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. कोपऱ्यावरचं घर त्यांनी स्वतः झाडून घेतलं आणि इन्नंबूरला निरोप पाठवला, घर तयार आहे, या. कुणी आलं नाही. फाल्गुन गेला. कचेरीतला एक गुमास्ता सहा रुपये द्यायला तयार होता. सुंदरीबाईंनी त्याला नाही म्हटलं. पहिल्या तारखेला त्या तीन घरांचं भाडं घेत आणि चौथ्या दाराशी थोड्या थांबून परत येत. रामलिंगनं शिव्या दिल्या असत्या तर त्या परत देता आल्या असत्या. त्या नमस्काराचं काय करावं हे कळत नव्हतं.

चैत्रात एक दिवस त्या गाडी करून इन्नंबूरला गेल्या.

कामाक्षीच्या भावाचं घर देवळामागं होतं. कामाक्षी दारातच भात पाखडत होती. ती वाळली होती. सुंदरीबाईंना पाहून ती लगबगीनं उठली, चटई टाकली, ताक आणलं.

"तुमचा निरोप मिळाला होता, अम्मा. पण कोणत्या तोंडानं येऊ? भाडं कुठून देऊ?" ती म्हणाली. "यांच्यानं काही विकलं गेलं नाही. सगळ्या समया व्यापाऱ्याला वजनावर द्याव्या लागल्या. घडणावळीचा एक पैसा नाही. तरी देणं उरलंच. आता त्याच्याच कारखान्यात मजुरीला जातात. पहाटे जातात, दिवेलागणीला येतात." तिचा आवाज चढला. "माणसात धमक लागते, अम्मा. एवढं मोठं पर्व, लाखो माणसं, आणि हा माणूस टोपलीभर समया विकू शकला नाही. मी रोज बोलते. ऐकून घेतो, उत्तर देत नाही."

सुंदरीबाईंच्या हातात ताकाचा पेला तसाच राहिला.

"तुळई बदलून झाली का?" कामाक्षीनं विचारलं.

"रामलिंग येऊ दे," एवढंच त्या म्हणाल्या.

तो दिवेलागणीला आला. त्यांना पाहून थबकला, पाय धुतले आणि काही न बोलता देवळाच्या कुंपणाकडे चालू लागला. सुंदरीबाई उठून त्याच्या मागं गेल्या. कुंपणापाशी कुणी नव्हतं.

"रामलिंग, तुळईला काही झालं नव्हतं."

"ठाऊक आहे."

"त्या दिवशी पडदे पाहिलेस, झोपाळा पाहिलास, तेव्हा—"

"त्याच्या आधीच," तो म्हणाला. "तुम्ही सांगून गेलात त्याच दुपारी मी शिडी लावून वर चढलो. या टोकापासून त्या टोकापर्यंत हातोडी वाजवून पाहिली. आत पोकळ असलं की आवाज बसतो. जन्मभर तेच ऐकत आलोय मी. तुळई खणखणीत होती."

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलू? खोटं बोलता असं म्हटलं असतं तर तुम्ही खरं सांगितलं असतं. घर तुमचं. जावं तर लागलंच असतं. नुसतं जा म्हणाला असतात तरी गेलो असतो, अम्मा. पोरींचं नाव घ्यायला नको होतं. त्यांची आई रात्रभर जागी बसली होती, त्यांच्या अंगावर हात ठेवून."

"मी चुकले. तुझं देणं मी फेडते. घरात राहायला या. भाडं नको."

"म्हणजे व्यापाऱ्याच्या ऐवजी तुमचा बांधलेला राहायचं." त्याच्या बोलण्यात राग नव्हता, हिशेब मांडावा तसा तो बोलला. "त्याचं मी मजुरीतून फेडीन. अडीच-तीन वर्षं लागतील."

"मग मी काय करू? काहीतरी सांग."

त्यानं घराकडे वळून पाहिलं. घराच्या दारात कामाक्षीनं दिवा लावलेला दिसत होता.

"तिला सांगा," तो म्हणाला. "मी सांगितलं नाही. आधी वाटलं, हिचा कुणावर तरी विश्वास आहे, तो कशाला मोडू. आता सांगितलं तर तिला वाटेल मी माझं झाकतोय. ती तुमच्या नावानं देवापुढं हात जोडते, अम्मा, आणि मला नादान म्हणते. यातलं एक तरी बंद होऊ दे."

सुंदरीबाईंना वाटलं होतं, पैसे देणं सर्वांत कठीण असेल. त्या परत दाराशी आल्या. कामाक्षी पुन्हा सुपापाशी बसली होती, मुली तिच्या मांडीला टेकून होत्या.

"मुलींना आत पाठव," सुंदरीबाई म्हणाल्या.

मुली आत गेल्या. मग त्यांनी सांगितलं. पिळ्ळै, दीडशे रुपये, गवळ्यांच्या आळीतलं घर, वाळवी कशी सुचली ते. गवंड्याचं नाव घेतलं तेही खोटं होतं. काही गाळलं नाही. सांगताना एकदा त्यांना वाटलं, 'पण मी पुढं घर तुमच्यासाठी रिकामं ठेवलं' हे सांगावं; ते त्यांनी सांगितलं नाही.

कामाक्षीनं सगळं ऐकलं. सूप खाली ठेवलं. कुंपणाशी उभ्या असलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं आणि पदरानं तोंड दाबून धरलं. मग सुंदरीबाईंकडे वळली.

"मी तुमच्या पाया पडले होते," ती म्हणाली.

"हो."

"तुम्ही डोक्यावर हात ठेवलात."

"हो."

कामाक्षी उठली, ताकाचा पेला उचलून त्यातलं ताक तुळशीच्या बाजूला मातीत ओतलं आणि आत गेली. दार तिनं आपटलं नाही. हळू लोटून घेतलं. आत धाकटी काहीतरी विचारत होती. रामलिंग गाडीपर्यंत सोडायला आला. गाडीवानाला त्यानं रस्त्यातला खड्डा कुठं आहे ते सांगितलं आणि परत फिरला.

सुंदरीबाईंनी घरी येऊन मुकुंदरावांना सगळं सांगितलं. ते पाटावर बसले होते, समोर पान वाढलेलं.

"पडदे पाहिले तेव्हांच मज समजलें होतें," ते म्हणाले.

"मग मला विचारिलें कां नाहीं?"

"विचारिलें असतें तर तूं खरें सांगितलें असतेंस. मग मला तो विसार देऊं नको म्हणावें लागलें असतें." त्यांनी पानाभोवती पाणी फिरवलं, पण घास उचलला नाही. "डोळे जात चालले, सुंदरी. मलाही तें घर हवें होतें."

त्या रात्री दोघंही जेवली नाहीत.

आषाढात रामलिंगनं कुणाकडून तरी कळवलं की व्यापाऱ्याच्या कारखान्यामागं एक खोली मिळाली आहे, कोपऱ्यावरचं घर दुसऱ्या कुणाला द्यावं. सुंदरीबाईंनी ते एका शाळामास्तराला दिलं. त्यानं सहा रुपये देऊ केले. त्यांनी चारच घेतले. त्यानं कारण विचारलं, तेव्हा त्यांनी किल्ली त्याच्या हातात ठेवली.

गवळ्यांच्या आळीतलं घर वर्षाअखेर त्यांच्या नावावर झालं. ते परत करता येईल का, विकून टाकावं का, असं त्यांच्या मनात पुष्कळदा आलं. मुकुंदरावांचं दुकानातलं काम त्याच हिवाळ्यात सुटलं. त्यानंतर पाच घरांच्या भाड्यावर दोघांचं चालू लागलं, आणि नीट चाललं. रामलिंग मजुरी करी त्या कारखान्यावरून जायचा रस्ता जवळचा असूनही त्या पहिल्या तारखेला लांबच्या रस्त्यानं जात. पाचव्या दारी तिथल्या भाडेकरू गवळ्याची बायको पैसे हातात घेऊन उभी असायची. सुंदरीबाई ते मोजून न पाहता कनवटीला लावत आणि भिंतीला ओल आली आहे का हे न बघता माघारी फिरत.